दार लावून झोप

तो मोबाईल आधी खाली ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीची आहे, अक्काची.

अक्का माहितीपट काढायची. उभी हयात त्यातच गेली तिची. वीटभट्टीवर डांबून ठेवलेली माणसं, रातोरात उठवलेल्या वस्त्या... जिथून सगळ्यांना हाकलत, तिथे ही कॅमेरा घेऊन हजर. मावशी म्हणायची, "अगं, लग्नांची शूटिंगं घे की!" अक्का म्हणायची, "तिथे कॅमेरा दिसला की सगळे हसतात. मला न हसणारी माणसं हवीत."

शेवटची फिल्म एका म्हातारीवर. तिचा मुलगा कॉलेजात शिकत होता. एका रात्री पोलिसांनी त्याला घरातून उचलून नेलं. ठाण्यावर म्हणाले, "असा कुणी इथे आणलाच नाही." तेव्हापासून म्हातारी दाराला कडी न लावता झोपायची. पोरगा आला तर बाहेर खोळंबायला नको, म्हणून. वर्षानुवर्षं.

फिल्म पुरी झाली. म्हातारीची नजर अधू होत चालली होती, म्हणून पहिल्यांदा तिलाच दाखवायचं ठरलं. जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्री दीडचा सुमार. अक्का एडिटिंगच्या खोलीत एकटी. सकाळच्या गाडीनं निघायचं होतं, त्याआधी पेनड्राइव्हवर कॉपी घेत होती. काम साधंच. स्क्रीनवर म्हातारी दाराकडे बघत बसलेली.

मागून आवाज आला.

"आई किती वाळलीय..."

अक्काला वाटलं, वॉचमन. ती वळणार, तेवढ्यात...

"वळू नका, ताई. बघवणार नाही तुम्हाला."

ओल्या मातीचा वास.

"पुन्हा दाखवा ना."

तिनं दाखवलं. पुन्हा. आणखी एकदा.

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

"तिला सांगा... दार लावून झोप म्हणावं. मी नाही येणार आता."

उजाडेपर्यंत अक्का वळली नाही. वळली तेव्हा कुणी नव्हतं.

सकाळची गाडी पकडून ती म्हातारीकडे गेली. पेनड्राइव्ह पिशवीतून काढलाच नाही. निरोप तेवढा सांगितला. म्हातारीनं विचारलं,

"तोच बोलला?"

"हो."

"बरा दिसत होता?"

अक्का म्हणजे खऱ्यापायी जन्मभर मार खाल्लेली बाई. म्हणाली, "हो. छान दिसत होता."

रात्री म्हातारी उठली. कडी गंजून घट्ट बसली होती. दोघींनी मिळून ती ओढून लावली. मग म्हातारी दाराला कपाळ टेकून रडली. कॅमेऱ्यासमोर कधी टिपूस काढलं नव्हतं तिनं. त्या रात्री कॅमेरा बंदच होता.

अक्का तिथेच झोपली. पहाटे जाग आली, तर कडी आतून तशीच लागलेली. म्हातारी शांत झोपलेली. तिच्या अंगावर एक कांबळं. नीट, खांद्यापर्यंत ओढलेलं.

घरातलं नव्हतं ते.

करडं. खरबरीत. कोपऱ्यात सरकारी शिक्का...

कोठडीत देतात तसलं.