सुरक्षाबाईंच्या घरचा चोर

ऑफिसात तिला सगळे सुरक्षाबाई म्हणत. वय अवघं सत्तावीस, पण कंपनीने तिला जागोजागी व्याख्यानं द्यायला सोडलेलं. पासवर्ड जन्मतारखेचा ठेवू नका, फोनवर आलेला कोड सख्ख्या भावालाही सांगू नका, तुमच्या नावावर दुसराच कोणी मिरवेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही... आज दुकानदारांच्या संघटनेपुढे तिने पाऊण तास हेच सांगितलं. अर्धे दुकानदार पेंगले. शेवटच्या रांगेतला एकजण मात्र तिच्याकडे बघून इतकं गोड हसत होता, की तिचं वाक्य दोनदा चुकलं.

भाषण संपल्यावर तो पुढे आला. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा तरुण मालक.

"आपलं गुरुवारी भेटायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "पण मला राहवेना."

"आपलं? कोणाचं?"

"म्हणजे... तुमचं आणि माझं—"

त्याने फोन पुढे केला. लग्न जुळवणारी साइट. तिचा फोटो, तिची जन्मतारीख, तिचं शिक्षण आणि खाली पंधरा दिवसांच्या गप्पा.

"ही मी नाही," ती म्हणाली.

तो पांढराफटक पडला. "मग मी पंधरा दिवस कोणाशी...? बाई तरी आहे ना ती?"

ती भराभर वाचू लागली. 'मला शिंका आल्या की सलग सात येतात.' 'राग आला की मी कपाटं आवरते.' तिचे कान तापले. हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

"खरंच सात?" त्याने हळूच विचारलं.

"तो आत्ता मुद्दा नाही."

"नाही, मी मोजायला तयार आहे, म्हणून विचारलं."

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "चोर घरातच आहे, आणि पुरावा तुमच्या फोनमध्ये."

बसमध्ये तिने उरलेलं सगळं वाचून काढलं. पुरावा म्हणून हं! पण त्याने एका आजोबांबद्दल लिहिलं होतं. वर्षभर चुकीचा चष्मा लावून फिरत होते, नवा लावल्यावर आधी बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू तर तशीच आहेस!" ती खिडकीकडे तोंड करून हसली. आणि मग मनात चर्र झालं. हे त्याने तिला लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं त्या दुसरीला.

घरी महिनाभर मुक्कामाला आलेली आत्या आरामखुर्चीत बसून एका बोटाने टाइप करत होती. तेवढ्यात चष्मेवाल्याचा फोन वाजला. त्याने दबक्या आवाजात वाचलं, "'आज काय जेवलात?'"

"आत्या!"

आत्याने मान वर केली, चष्मेवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "फोटोपेक्षा बरा आहे की."

"हे खातं माझ्याच मेलवरून काढलंय. तू माझ्या मेलमध्ये शिरलीस कशी?"

"तूच शिकवलंस. भाषणाची तालीम माझ्यासमोरच करतेस ना? लोक जन्मतारखेचा पासवर्ड ठेवतात म्हणालीस. म्हटलं, बघू तरी आपल्या घरात काय आहे. पहिल्या फटक्यात उघडलं."

"आणि माझ्या फोनवर आलेला कोड?"

"तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. फोन बाहेरच होता."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! सुरक्षाबाई मटकन खाली बसली. पण खरं सांगायचं तर तिला पासवर्डचं दुःख नव्हतंच. तिने चष्मेवाल्याकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला आवडली ती आत्या."

"अगं, माझं काय आहे त्यात?" आत्या म्हणाली. "रोज जेवताना तू जी बडबड करतेस, तीच मी टाकली. एकच वाक्य पदरचं. 'तुमच्याशी बोलल्याशिवाय करमत नाही.' गाडी पुढे सरकेना, म्हणून घातलं."

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. "तेच मी दहादा वाचलं होतं," तो म्हणाला.

नियम म्हणजे नियम. तिने पासवर्ड बदलला, ते बनावट खातं बंद केलं. त्याच्या फोनवरून तिचा फोटो गेला, गप्पा गेल्या, आजोबाही गेले.

"योग्य केलंत," तो उठला. "येतो मी." दाराशी जाऊन तो चपला घालू लागला. दुसऱ्या चपलेत त्याचा पाय काही केल्या जाईना.

आत्याने बोलायला तोंड उघडलं.

"आत्या, तू गप्प बस. हे माझं मला बोलू दे." ती उठून दारापर्यंत गेली. "ते वाक्य खोटं होतं. तुमच्याशी मी आजच पहिल्यांदा बोलतेय, करमत नाही कसं म्हणू? पण बसमध्ये मी तुमचं सगळं वाचलं, आणि... ते मला लिहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं."

त्याने एका पायातली चप्पल काढली आणि आत आला.

"बसा," तो म्हणाला. "सगळं पहिल्यापासून सांगतो."