धनेशाची शिदोरी

गेल्या वर्षी परसातल्या सातविणीच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्यांची जोडी डोकावली, चार दिवस रमली आणि निघून गेली. का? केतकीला हे कोडं काही केल्या सुटेना. ढोली तर चांगली ऐसपैस होती!

यंदा तिच्या वनस्पतिशास्त्रज्ञ आत्याने परसात पाच झाडांसाठी खड्डे खणून घेतले. खणले खुरप्याने. खुरपं म्हणजे त्यांचा बागकाम करणारा रोबो. नाव अर्थात केतकीनेच ठेवलेलं.

“आंबा, काजू, फणस, रातांबा, करवंद!” केतकीने एका दमात सांगितलं. “धनेशांची चंगळ, आणि आपलीही!”

“आधी ही बाग पडद्यावर वाढवून बघूया का, केतकीताई?” खुरप्याच्या छातीवरचा पडदा उजळला. त्यावर त्याने प्रतिरूप (खऱ्या गोष्टीची गणिताने केलेली नक्कल) मांडलं. हीच बाग, पण चांगली वाढलेली. वैशाखात झाडं लगडली. केतकीने टाळ्या पिटल्या. पाऊस आला, दिवाळी झाली, थंडी पडली. फळाचं नाव नाही. माघात धनेशाची मादी ढोलीत शिरली आणि तिने आतून दार लिंपून घेतलं. आता तिची नि पिल्लांची सारी मदार नरावर. काजूला नुसता मोहोर होता. नर बागभर हिंडला आणि रिकाम्या चोचीने परतला.

केतकीचे डोळे भरून आले. “बंद कर ते! म्हणूनच गेले का ते गेल्या वर्षी?”

“तुझ्या झाडांचा फलनकाळ (फळं धरून पिकायचा काळ) एकच आहे गं,” आत्या म्हणाली. “सगळी उन्हाळ्यातलीच का निवडलीस?”

केतकी ओशाळली. “मला मे महिन्यात सुट्टी असते ना!”

आत्या खो खो हसली. “अगं, पोटाला कुठली आलीय सुट्टी?”

पुन्हा निवड सुरू झाली. आंबा, काजू राहिले. पावसाळ्यासाठी पेरू आला, थंडीसाठी आवळा. पाचव्या खड्ड्यासाठी आत्याने उंबर सुचवलं.

“शी! त्यात किडे असतात.”

“उंबर म्हणजे आतून फुलांनी भरलेली पिशवीच. ते किडे तिचं परागीभवन (एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलापर्यंत पोचवणं) करतात. आणि उंबर वर्षातून अनेकदा फळतं, बाकीची झाडं रिकामी असतानासुद्धा.”

पण मग फणस जाणार! केतकीचा फणसावर भारी जीव. ती त्याचं आणून ठेवलेलं रोप कुरवाळत बसली. शेवटी उठली आणि ते कुंपणापलीकडच्या भिकाकाकांना देऊन आली. “गरे मात्र मला द्यायचे हं!” असं बजावायला ती विसरली नाही.

वर्षं सरली. केतकी कॉलेजात जाऊ लागली. माघातल्या एका सकाळी खुरप्याने तिला परसात बोलावलं. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. मधे बारीक फट, फटीत चोचीचं टोक. नर उडत आला आणि एकामागून एक लालबुंद उंबरं त्या चोचीत ठेवू लागला.

“आत्या, राहायला आले गं!” केतकी आनंदाने ओरडली. “आता घरामागच्या टेकडीवरही उंबर लावूया!”

खुरपं केव्हाच फावडं घेऊन टेकडीच्या वाटेला लागलं होतं.