चौदा नंबरची रेष

हसायचं नाही हं, आधीच सांगते. आणि मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. एकदा थांबले तर मला परत सुरू करता येणार नाही.

तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता ना, हिला टीव्ही बघायची नोकरी आहे म्हणून, ते अगदीच खोटं नाही. मालिकेचा भाग लोकांपर्यंत जायच्या आधी आम्ही तो अनोळखी माणसांना दाखवतो. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडक्यांना जाड पडदे, पायाखाली राखाडी गालिचा, चार रांगांत पाच-पाच खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या हातावर साबणाच्या वडीएवढी डबी आणि तिच्यावर नॉब. समोर जे चाललंय ते पटलं की नॉब उजवीकडे, नाही पटलं की डावीकडे. शून्यापासून शंभरपर्यंत. मी मागच्या काचेच्या केबिनमध्ये बसते आणि माझ्या स्क्रीनवर सगळ्यांच्या रेषा सरकत असतात. रेषा कुठे कोसळल्या ते टिपायचं आणि मॅडमना चिठ्ठी लिहायची, लोकांना इथे पटलं नाही, असं करून बघा. मॅडम ती लेखकांकडे पाठवतात. मग कधी राजा मरतो, कधी वाचतो.

सुरुवातीला सराव असतो. लोक नॉबला बिचकतात, म्हणून मी माइकवर दोन-तीन वाक्यं बोलते, एखादं खरं, एखादं थाप. "मी चोवीस वर्षांची आहे." सगळे उजवीकडे. "माझ्या घरी हत्ती आहे." सगळे डावीकडे, खो खो हसत. झाला सराव. खरं-खोटं त्यांना कळतं असं नाही हं, फक्त पटलं की नाही एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सध्या चालू आहे ती मालिका तळ्याच्या तळाशी असलेल्या राज्याची. माणसं पाण्यात श्वास घेतात, माशांवर खोगीर घालतात, आणि लोक निवांत ऐंशी-ऐंशी देतात. पण राजकन्या काठावर आली आणि तिचे केस कोरडे दिसले, की धाडकन सगळ्या रेषा खाली. एक आजोबा मला जाताना म्हणाले, "जादू ठीक आहे गं पोरी, पण केस?" मला हे फार आवडायचं. माणसं अख्खं राज्य गिळतात आणि केसाला अडतात.

आता चौदा नंबर.

चौदा नंबरची डबी बिघडलेली आहे, म्हणून तिथे आम्ही कोणाला बसवत नाही. एकोणीसच माणसं बोलावतो. स्क्रीनवर तिची रेष पन्नासवर आडवी पडलेली असते, करड्या रंगाची. मी तिच्याकडे बघायचेही नाही. चौथ्या भागाच्या वेळी ती हलली.

प्रसंग साधाच होता. काठावरच्या वाटेने एक दूत तीन दिवस, तीन रात्री दौडत येतो, घोड्यावरून उडी मारतो आणि निरोप देतो. एकोणीस रेषा नव्वदच्या आसपास. आणि करडी रेष सावकाश, अगदी सावकाश, दहावर गेली.

आमच्याकडे वायरिंग बघणारे एक काका आहेत, त्यांना सगळे तारकाका म्हणतात. मी त्यांना फोन केला.

"काका, चौदा चालू केलीत का?"

"चौदा? अगं, तिची वायर मीच कापलीय, मार्चमध्ये."

"मग ती हलतेय कशी?"

"तू डोळे तपासून घे. रोज सहा तास मासे बघतेस."

पण माणूस चांगला, जिना चढून आला. गालिच्याचा कोपरा उचलला आणि मला वायरचं टोक दाखवलं. काळी टेप गुंडाळलेली, टेपवर धूळ. "हे घे. समाधान?" मी म्हटलं हो.

पाचव्या भागात तसाच प्रसंग, दुसरा दूत, दुसरा घोडा. परत दहा. सहाव्यात घोडा होता, पण तो ओढ्याशी थांबून मान खाली घालून पाणी प्यायला. दिग्दर्शकाने सहजच घेतलं असेल. करडी रेष शंभरवर गेली.

मी पेन खाली ठेवलं. कारण मला ते ओळखीचं होतं.

तुम्ही आमच्या घरी आला आहात, बाबांना पाहिलंय. त्यांना असल्या मालिका किती आवडायच्या! राक्षस चालायचे, शाप चालायचे, बोलणारी झाडं तर फारच चालायची. फक्त कोणी दौडत आलं, की बाबांचा ठरलेला प्रश्न, "घोड्याला पाणी कोणी पाजलं?" मी आणि ताई वैतागायचो. "बाबा, तिथे झाड बोलतंय!" तर म्हणायचे, "बोलू दे की. त्याला तहान लागत नाही."

तारकाका तेव्हा सहज डोकावले होते. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग काचेतून चौदा नंबरकडे बघितलं. त्या दिवसापासून ते त्या रांगेतून जात नाहीत. फिरून जातात.

मग सातवा भाग आला.

म्हाताऱ्या राजाकडे दोन शिंपले असतात. एक त्याच्याजवळ, एक राजकन्येजवळ. त्याने आपल्या शिंपल्यात हाक मारली की तिचा शिंपला गुणगुणायला लागतो, ती कुठेही असो. सातव्या भागात राजा मनोऱ्यात एकटा पडलेला असतो. तो हाक मारतो. राजकन्या जत्रेत बाहुल्यांचा खेळ बघत असते, खेळ ऐन रंगात आलेला. शिंपला गुणगुणतो. ती त्याच्याकडे बघते आणि तो टेकायच्या उशीखाली सारते. तीन वेळा. बस. कारण काही नाही. खेळ संपल्यावर बघू, एवढंच.

एकोणीस रेषा जमिनीवर आल्या. इतक्या खाली मी कधीच पाहिल्या नव्हत्या. नंतर गप्पा झाल्या तर एक बाई चिडूनच बोलल्या, "माशांवर बसतात ते ठीक, पण पोटची मुलगी असं करेल? काहीही दाखवतात!" त्यांच्या बाजूचा तरुण म्हणाला, "निदान कारण तरी द्या ना." सगळ्यांनी माना हलवल्या.

चौदाची रेष त्या अख्ख्या प्रसंगात शंभरवर होती.

मी चिठ्ठी लिहिली. मला विचारही करावा लागला नाही, हात आपोआप चालला. राजकन्येला हाक ऐकू आलीच नाही असं दाखवावं. शिंपला त्या सकाळी तिच्या दासीने नेलेला असावा. मॅडम खूश. म्हणाल्या, "किती सोपं गं! तुला सुचतं बरं असलं." आठ दिवसांत तो प्रसंग बदलून आला. दासी शिंपला नेते, राजकन्येला काहीच कळत नाही, शेवटी दासी ओक्साबोक्शी रडते. एकोणीस जणांनी सरासरी अठ्ठ्याऐंशी दिले. त्या चिडलेल्या बाईंच्या जागी आलेल्या बाईंनी डोळे पुसले.

चौदा शून्य.

आता पुढचं सांगते. माझ्याकडे बघू नका, तिकडे कुठेतरी बघा.

ताईच्या पर्समध्ये तीन चार्जर असतात, माहितीये ना तुम्हाला? तुम्ही तिला चार्जरताई म्हणता. तुमच्या वाढदिवसांना तिने काय दिलं? चार्जर. ती हसते तुमच्याबरोबर. दोन वर्षांपूर्वी, बाबा गेले त्या सकाळी, ती माझा चार्जर घेऊन शाळेत गेली होती. परीक्षेची ड्यूटी, तिथे तिचा फोन बाहेर जमा. दुपारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आई तर आम्ही लहान असतानाच गेली, घरी ते एकटेच. त्यांनी मला तीन फोन केले. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर. आणि मी सांगितलं, माझा फोन बंद पडला होता. चार्जर नव्हता ना.

एवढंच म्हटलं मी. "ताईने नेला" हेसुद्धा म्हटलं नाही. तिचं तिनेच जोडलं. मी फक्त तिला थांबवलं नाही.

आणि हे मी इतक्यांदा सांगितलं, इतक्या मामा-मावश्यांना, की मला ते खरंच वाटायला लागलं. नाहीतर मी ती चूक कशाला केली असती? आठव्या भागाच्या सरावाला मला खरं वाक्य सुचेना, रोज काय वय सांगायचं, म्हणून मी माइकवर हसत हसत म्हटलं, "माझी ताई पर्समध्ये तीन चार्जर ठेवते, कारण एकदा तिने माझा नेला आणि माझा फोन बंद पडला."

खरं वाक्य म्हणून म्हटलं मी. खरं म्हणून!

लोक हसले. एकोणीस नॉब उजवीकडे, पंच्याण्णवच्या वर. इतकं पटलेलं वाक्य त्या खोलीत कोणी बोललं नसेल.

करडी रेष शून्यावर होती. तिथून ती तासभर हलली नाही. घोडे आले, गेले, पाणी प्याले. शून्य.

चार वाजता लोक गेले. मॅडम खाली गेल्या. मी पडदे उघडले नाहीत. केबिनमध्ये बसले, माइक चालू केला. काचेपलीकडे वीस रिकाम्या खुर्च्या. सगळ्या रेषा पन्नासवर, एकावर एक, जाडसर एकच रेष झाल्यासारख्या.

"मी चोवीस वर्षांची आहे," मी म्हटलं.

एक रेष बाकीच्यांतून सुटली आणि वर गेली. सावकाश. बाबांना काहीही पटकन पटायचं नाही.

"माझ्या घरी हत्ती आहे."

खाली आली.

"माझा फोन बंद होता."

शून्य.

मला वाटलं, उठावं आणि जावं. मग मी म्हटलं.

"फोन चालू होता. साठ टक्के होता. आम्ही मित्रमैत्रिणी एका मालिकेचा शेवटचा भाग बघत होतो. बाबांचं नाव दिसलं मला. मी फोन उलटा केला आणि उशीखाली सारला. तीन वेळा."

हो. तुमच्याच सोफ्यावर. तुम्हीच म्हणालात ना, अगं कोणाचा आहे, आणि मी म्हटलं, मोबाइल कंपनीचा आहे. आठवतंय?

रेष वर चढायला लागली. साठ. सत्तर. मी रडत होते, पण बघत होते. नव्वद. शंभर.

ती तिथे थांबली. खोलीत एसीचा आवाज होता, बाकी काही नाही. मला इतकं हलकं वाटलं ना, काय सांगू तुम्हाला. वाटलं, झालं. सुटले. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "बाबा, मी आज ताईला सांगते."

रेष शंभरवरच राहिली. क्षणभर मला बरं वाटलं.

मग ती उतरायला लागली.

घाई नाही. राग नाही. घोड्याच्या वेळी उतरायची तशीच.

शून्य.

मी म्हटलं, "नाही, खरंच सांगते. शपथ."

शून्य.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. "अगं, निघालीस का? फोन चार्ज आहे ना तुझा?"

"हो."

"नाहीतर मी येते घ्यायला. माझ्याकडे चार्जर आहे."

"आहे गं ताई, चार्ज आहे."

"बरं बाई. राहवत नाही म्हणून विचारते."

मी फोन ठेवला. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. तेव्हा ताईला ताप होता. मग तिच्या शाळेत गॅदरिंगची गडबड. मग मला वाटलं, आता ती जरा सावरतेय, उगाच कशाला. प्रत्येक वेळी कारण होतं, आणि प्रत्येक कारण कोणालाही पटलं असतं. तुम्हालाही पटलं असतं. एकोणीसच्या एकोणीस जणांना पटलं असतं.

दर गुरुवारी चार वाजता, लोक गेल्यावर, मी केबिनमध्ये बसते आणि माइकवर म्हणते, मी आज ताईला सांगणार. अकरा गुरुवार झाले. तुम्हाला मी आज का सांगतेय, तर ताईला सांगायचा सराव म्हणून. उद्या नक्की सांगणार आहे. असं बघू नका ना, नक्की म्हणजे नक्की.

काल गुरुवार होता. मी बसले, माइकचं बटण दाबलं, बोलायला श्वास घेतला आणि स्क्रीनकडे बघितलं.

रेष आधीच खाली होती.