'इन'चा गठ्ठा

"माझ्या वडिलांचं काम चोरायला निघालाय तो. त्याला खोटा ठरवा."

घाटकोपरच्या कचेरीत शिरताच मृणालिनी नाडकर्णी म्हणाली. खासगी तपासनीस माणिकराव धुरंधरांनी तिला खुर्ची दिली. त्यांचा मदतनीस बाळ कर्णिक पंखा लावायला उठला.

मृणालिनीचे वडील, नंदकिशोर मास्तर, नुकतेच वारले होते. जन्मभर खपून त्यांनी इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश रचला होता. तो छापायला जायचा, तोच त्यांचा जुना विद्यार्थी श्यामसुंदर म्हणू लागला, की त्यातला 'इन'चा गठ्ठा त्याने लिहिलाय. पुस्तकावर त्याचंही नाव हवं.

"'इन'चा म्हणजे?" बाळने विचारलं.

"आत घालण्याचे शब्द. सुईने औषध घातलं की इंजेक्ट, खाचेत बसवलं की इन्सर्ट, मनात भिनवलं की इन्स्टिल, नवी चाल पाडली की इन्ट्रोड्यूस. मराठीत आपण बहुधा नुसतं 'घातलं' म्हणतो. बाबांना या गठ्ठ्याचा फार अभिमान होता."

"अक्षर कुणाचं?" माणिकरावांनी विचारलं.

"बाबांचंच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मुलुंडला तिच्या घरी गेले. कपाटात अक्षरवार खण होते, खणांत चिठ्ठ्यांचे गठ्ठे.

"ए पासून ओळीनं लिहीत आले," मास्तरांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "एसपर्यंत पोचले नि मोतीबिंदू काढला. तरी पुढं बारीक निबेचं दिसेना. मग जाड निब घेतली."

बाळने 'इन'ची एक चिठ्ठी उचलली. "'इन्सर्ट : धोट्यात कांडी घालणे.' धोटा म्हणजे काय हो?"

"मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावतो तो," माणिकराव म्हणाले. "बाई, मास्तर कधी गिरणीत जायचे?"

"ते कशाला जातील?"

श्यामसुंदरला बोलावलं होतं. तो दारातच उभा राहिला.

"सरांना टायफॉइड झाला त्या वर्षी मी लिहिला तो गठ्ठा. सर म्हणाले होते, नाव घालीन."

"तुमच्या चिठ्ठ्या कुठायत?" माणिकरावांनी विचारलं.

"सरांकडेच दिल्या. या माझ्या नाहीत."

"बघा!" मृणालिनी म्हणाली. "स्वतःच कबूल करतोय."

"झकास!" बाळ पुटपुटला. "केस संपली."

माणिकराव रत्नप्रभाबाईंकडे वळले. "हा गठ्ठा पुन्हा लिहिला होता का?"

"हो. वाळवी लागली होती ना."

माणिकरावांनी आय अक्षराचा अख्खा खण टेबलावर ठेवला.

"मृणालिनीबाई, हात लावून बघा. 'आयडिया' बारीक निबेनं. 'आयर्न' बारीक निबेनं. मधला 'इन'चा गठ्ठा तेवढा जाड निबेनं. म्हणजे एसपर्यंत पोचलेले मास्तर ऑपरेशननंतर आयवर परत आले आणि एवढंच नव्यानं लिहिलं. का?"

"वाळवी..."

"वाळवी 'आयडिया' सोडून, 'आयर्न' सोडून मधलंच खाते? दोन्हीकडं एक भोक नाही. आणि मास्तरांची उदाहरणं वर्गातली, स्वयंपाकघरातली. इथं मात्र मागाची कांडी. श्यामसुंदर, वडील काय करायचे?"

"गिरणीत. साच्यावर, म्हणजे मागावर."

"मास्तरांनी उदाहरणासकट उतरवून घेतलं. अक्षर त्यांचं, काम तुमचं. राहता राहिल्या मूळ चिठ्ठ्या. बाई?"

रत्नप्रभाबाईंनी 'इन'चा गठ्ठा परत खणात ठेवला.

"बंबात घातल्या," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं. गिरणीवाल्याच्या पोराचं नाव आपल्या शेजारी छापलं तर लोक काय म्हणतील, म्हणाले."

"आई, तुला ठाऊक होतं? मी याला चोर म्हणत होते, तेव्हा तू ऐकत होतीस?"

"तुझ्या बापाचं नाव होतं गं ते."

"मलासुद्धा नाही सांगितलंत. दोघांनीही."

श्यामसुंदर जायला वळला.

"थांबा, श्यामदादा." मृणालिनीने खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली. "बसा. पुस्तकावर तुमचं पूर्ण नाव कसं घालायचं?"

"श्यामसुंदर गुणाजी परब."

इतकी वर्षं तो या घरी येत होता. त्याच्या वडिलांचं नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं.