एक देह, एक जागा

डॉ. केतकी दाभाडेनं सकाळची यादी उघडली आणि तिसऱ्याच ओळीवर तिची नजर अडकली. दुहेरी ठसा: निरंजन दाभाडे. आता निरंजन दाभाडे म्हणजे तिचा स्वतःचा नवरा. नोंदणीचं घर टेकडीवरचं, म्हणजे तिचंच. दुसरं घर नदीपलीकडे, तरंग सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. मालक परदेशात, राहणारा भाडेकरू एक, नाव नोंदलेलं नाही.

समोर भिंतभर शहराचा नकाशा लुकलुकत होता. निळं ते पाणी, पिवळी ती वीज. केतकीनं चहाचा कप खाली ठेवला आणि आजूबाजूला कुणाचं लक्ष नाही ना, ते पाहिलं.

या शहरात पाणी माणशी मिळायचं. टंचाईच्या वर्षी तसा कायदा झाला आणि लोक काय, एकेक वस्ताद! गावाकडची आजी, न जन्मलेली जुळी, सगळी कागदोपत्री राहायला आली. या भुताळी माणसांवर उतारा म्हणून केतकीनं वापरठसा शोधून काढला. घरोघरचा जलवीजमापक आता नुसतं किती वापरलं ते मोजत नसे, कोणी वापरलं तेही सांगे. एक माणूस दोन घरांत मोजला जात असला की तो या यादीत यायचा.

"शबाना, ठसा चुकू शकतो का गं?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

शबाना इनामदार ठशांचं गणित बघायची. कॉलेजपासूनची मैत्रीण. "तूच शोधलंस आणि मला विचारतेस?"

"नव्या माणसाला सांगतेस तसं सांग. एक तक्रार आहे."

"बरं बाई. माणूस नळ उघडतो तेव्हा पाइपात दाबाची लहर उठते. कुणी झटक्यात उघडतं, कुणी अंदाज घेत. मग दिवा आधी की गीझर, मधे किती थांबायचं, बटण दाबून धरायचं की टिचकी मारायची. हे हाताला लागलेलं वळण. मापक तेवढंच ऐकतो. सही खोटी करता येईल, हे नाही. आपण असं करतो हे आपल्यालाच ठाऊक नसतं ना."

"आणि दोघांचा ठसा सारखाच निघाला तर?"

"बापलेकांचे, भावंडांचे जवळ येतात. पण जुळत नाहीत. पोराला वळण काही एकट्याकडनं लागत नाही. आई असते, आजी असते, शेजारची काकू असते. दहा हातांची खिचडी ती. तेव्हा जुळला तर माणूस तोच. खुशाल पाणी तोड."

पाणी तर तुटलंच होतं. तरंगमधला माणूस प्रत्यक्षात टेकडीवर राहतो, म्हणजे तरंगमध्ये कुणीच राहत नाही. शून्य माणसं, शून्य पाणी. यंत्रणेनं गेल्या आठवड्यात नळ आपोआप बंद केला होता, वीज तेवढी चालू होती. जोडणी कायमची बाद करायला केतकीची मंजुरी हवी होती.

तिनं मंजुरी दिली नाही. आधी महिन्याभराच्या नोंदी काढल्या, आणि काढल्या नसत्या तर बरं झालं असतं. निरंजन घरी असला की तरंगमधलं ते घर मुकं. तो बाहेर पडला की तिथे दिवे लागायचे, नळ वाहायचे. कचेरीच्या वेळात, संध्याकाळी त्याच्या बॅडमिंटनच्या वेळी, रविवारीही. एखाद्या बाईनं नवऱ्याच्या पाळतीवर माणूस ठेवला असता, तरी त्यानं इतका चोख पुरावा आणला नसता.

दीड वर्षापूर्वी त्यांचा मुलगा शार्दूल तिच्याशी भांडून घर सोडून गेला होता. त्यानंतर त्यानं तिचा फोन उचलला नव्हता. घरात उरली होती ती दोघंच, आणि आता त्यातलाही एक दुसरीकडे संसार थाटून बसला असेल, तर तिनं कुणाकडे बघायचं?

संध्याकाळी निरंजन आला तो शर्टाची बाही ओली घेऊन.

"बॅडमिंटनला पाऊस पडला वाटतं," केतकी म्हणाली.

"बाटली सांडली गं."

"आणि डिकी कशानं भिजली?"

"गाडी धुतली."

माणशी पाण्याच्या शहरात गाडी कोण धुतं? तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो मान खाली घालून जेवत होता. पंचवीस वर्षांत या माणसाला एक धड थाप मारता आली नव्हती. आजही येत नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं.

"निरंजन, मला काही सांगायचंय का तुला?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "सांगायचंय. पण आत्ता नाही."

म्हणजे आहे. पाणी कुठेतरी मुरत होतंच.

रविवारी निरंजन अजून झोपेतून उठत होता, तेव्हा कचेरीत काम आहे म्हणून केतकी बाहेर पडली. तो घरी आहे तोवर त्या दुसरीचं तोंड बघायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तरंगच्या चौथ्या मजल्यावर पोचल्यावर तिनं सवयीनं फोनवर त्या घराची नोंद उघडली. माणसं शून्य. वापर शून्य.

दाराआड मिक्सर घरघरत होता.

केतकीनं फोनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मिक्सर काय हवेवर फिरतो? घरात वीज वाहत होती आणि तिचा मापक, तिनं घडवलेला मापक, नाही म्हणत होता. मापक खोटं बोलत नाही. मग ऐकलेलं कोण खोडतंय?

तिला उत्तर सापडायला वेळ लागला नाही, कारण खोडणारी तीच होती. यंत्रणेत तिनं स्वतः एक नियम घातला होता: एक देह, एक जागा. एकच ठसा एकाच वेळी दोन घरांत उमटला, तर नोंदणीच्या घरातला खरा धरायचा आणि दुसरा प्रतिध्वनी समजून पुसून टाकायचा. या नियमाबद्दल तिनं मोठमोठ्या सभांत टाळ्या घेतल्या होत्या. निरंजन घरी असताना हे घर मुकं का व्हायचं, ते आता तिला कळलं.

तिनं शबानाला फोन लावला. "तरंगच्या घरावरचा माझा नियम काढ. आत्ता."

"रविवारी तरी... थांब, काढते." थोडा वेळ नुसत्या कळांचा आवाज आला. "केतकी, निरंजन टेकडीवर दाढी करतोय. आणि तरंगमध्ये मिक्सर चालवतोय. दोन्ही ठसे तंतोतंत एक आहेत. मागचंही बघते आहे, महिनाभर रोज सकाळी हेच. असं होऊच शकत नाही."

"दहा हातांची खिचडी म्हणाली होतीस तू. हात एकाचेच असतील तर?"

"म्हणजे?"

"पोर एकट्यानंच वाढवलं असेल तर, शबाना?"

शबाना केतकीच्या घरी कितीदा जेवली होती, आणि तिला वाढणारा निरंजनच असायचा.

शार्दूलचे आजी-आजोबा कधीच गेलेले. केतकी कधी या शहरात मापक बसवत, कधी त्या. न्हाऊ घालणं, दात घासायला शिकवणं, दिवा मालवून झोपवणं, सगळं निरंजननं केलं. पहिला जलवीजमापक तिनं स्वतःच्याच घरी बसवला होता. राहणारी माणसं तीन, आणि मापकानं सांगितली दोन. ती हसली होती, नवं यंत्र आहे म्हणाली होती, आणि हातानं दोनाचे तीन करून टाकले होते. शार्दूल गेल्यावर शहरभर त्याचा ठसा शोधायला बसली, तेव्हा शोधायला त्याचा वेगळा ठसाच नव्हता. तेव्हाही तिला प्रश्न पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिनं बेल वाजवली.

मिक्सर थांबला. दार उघडलं ते शार्दूलनं. दाढी वाढलेली, बोटांना चटणी. तो तिच्याकडे पाहतच राहिला, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे.

"अर्ज पोचला म्हणायचा," तो म्हणाला.

"कसला अर्ज?"

"इथे एक माणूस राहतो, कुणीतरी येऊन बघा, असा. तीन पाठवले. दर वेळी उत्तर एकच, या घरात कुणी राहत नाही. बाबा कॅन भरून आणतात म्हणून चाललंय. आईला सांगू नका म्हणून मीच शपथ घातलीय, त्यांच्यावर चिडू नकोस."

केतकी आत आली.

"बस. हात धुतो."

ओट्यावर तोटीचा निळा कॅन होता. त्यानं तोटी भस्सकन उघडली आणि लगेच अर्धी केली. साबण लावताना पूर्ण बंद. मग मनगटानं दोन टप्प्यांत पुन्हा उघडली. केतकी एकटक बघत होती. ठशाचा हा आलेख तिला पाठ होता. त्या आलेखातला हात तिनं कधी पाहिला नव्हता.

"परत धू," ती म्हणाली.

"काय?"

"हात. परत धू ना. मला बघू दे."

शार्दूलनं ओले हात पंच्याला पुसले. "पाणी कुठाय, आई?" तो म्हणाला. "तूच तोडलंयस."