दुर्गीचे दोन कोटी साक्षीदार

‘महाचूल’ स्पर्धेत पदार्थाला गुण मिळणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. आता गुण मिळत ते काळजात उठणाऱ्या कळेला. प्रेक्षक घरोघरी कपाळाला कळपट्टी बांधून बसत. स्पर्धकानं स्वयंपाक करता करता एखादी आठवण मनात आणली की ती त्याच्या मेंदूतून निघून थेट प्रेक्षकांच्या मनात उतरे. जितकी माणसं हेलावली, तितके गुण.

एक जागा ‘आजवर पडद्यावर न दिसलेल्या समाजांसाठी’ राखीव होती. केवढं मोठं मन! पण त्या जागेवरच्या माणसानं हसायचं नाही, हा न लिहिलेला नियम होता. पुण्याच्या एका स्पर्धक बाईंनी आजोळच्या आमरसाची आठवण पाठवली, ती चालली. सालूबाई धोत्रे या वडार बाईनं हुलग्याचं माडगं ढवळताना बहिणीच्या लग्नातला नाच पाठवला, तर निर्माते म्हणाले, “छानच हो. पण तुमचं काही दुःख वगैरे नाही का?”

होतं की. दुर्गी. आईला ‘अव्वा’ म्हणणारी नऊ वर्षांची लेक, खडीच्या खाणीत सुरुंगानं गेलेली. ठेकेदारानं लिहून दिलं होतं, कामावर मूल नव्हतंच. मग कागदावर दुर्गी मेलीही नाही. सालूबाईनं दुर्गी पाठवली. पुढच्या भागात पुन्हा. असं चार वेळा.

अंतिम फेरीच्या सकाळी कळपट्टीचा शोध लावणाऱ्या डॉ. शर्वरी टिपणीस तिला भेटायला आल्या.

“सालूबाई, दुर्गीचे डोळे कसे होते?”

सालूबाई बोलायला गेली आणि अडखळली. “काळे असतील की. समद्यांचेच असत्यात.”

टिपणीसांचा चेहरा उतरला. “आठवण म्हणजे फोटो नव्हे. दर वेळी बाहेर काढली की ती कणकेसारखी मऊ होते, मग पुन्हा घट्ट बसते. मऊ असताना पट्टी ती ओढून घेते. हे आम्हाला फार उशिरा कळलं हो. आज पाठवलीत तर तुमच्याकडे काहीच उरणार नाही.”

“आन् लोकांकडं?”

“राहील. दोन कोटी लोकांकडे.”

सालूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “म्याडम, माजी पोर व्हती, असं म्या एकली किती दिस वरडू? कुनी ऐकतंय व्हय? दोन कोटी मानसं म्हनली, तर ठेकेदाराच्या बापालाबी न्हाई म्हनता येनार न्हाई.”

“पण तुम्ही तिची आई आहात!”

“म्हनूनच की वो,” सालूबाई म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

ती जिंकली. लोक रस्त्यावर उतरले, खाण बंद झाली, ठेकेदार तुरुंगात गेला. मृतांच्या नोंदीत दुर्गीचं नाव चढलं.

पुढं एकदा सोलापूरच्या स्टँडवर एका अनोळखी बाईनं सालूबाईला ओळखलं आणि गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडू लागली. “मला अजून दिसते हो ती! गालावर खळी, केसांत खडीची धूळ. ‘अव्वा, पाणी दे’ म्हणाली आणि गेली!”

सालूबाईचं काळीज कळवळलं. तिनं पदरानं त्या बाईचे डोळे पुसले.

“उगी बाई, उगी,” ती म्हणाली. “किती वर्सांची व्हती तुमची ल्येक?”