जुन्या डिस्कमधलं गाऱ्हाणं

सुबोध परबला लिनक्सचं भारी वेड. मुलुंडच्या फ्लॅटमधल्या त्याच्या कॉम्प्युटरवर दुसरं काही चालायचंच नाही, आणि "लिनक्सवर सगळं लागतं" हे पालुपद आल्यागेल्याला ऐकावंच लागे. पण कुडाळहून चुलतभावाने, सहदेवने, धाडलेली जुनी हार्ड डिस्क काही केल्या लागेना. झाली ना फजिती!

डिस्कमध्ये सुबोधच्या वडिलांचा आवाज होता. दोन हजार सहाच्या गणपतीत त्यांनी सगळ्या घरासाठी देवाला घातलेलं गाऱ्हाणं सहदेवने रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्या वर्षी सुबोध गावी गेला नव्हता. ऑफिसचं काम होतं म्हणे. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा." पुढच्या वर्षी बाबाच नव्हते. अठरा वर्षं झाली, तरी ती चुटपुट काही जात नव्हती.

चार रविवार गेले. रुंद पट्टीच्या केबलची ती डिस्क. कन्व्हर्टर बदलून झाला, सगळ्या कमांड मारून झाल्या, कॉम्प्युटरच्या डिस्कच्या यादीत तिचं नाव येईना. पाचव्या रविवारी दुपारी त्याने चष्मा चढवून तिची मागची बाजू नीट बघितली आणि कपाळावर हात मारला. गावच्या कॉम्प्युटरात ती दुसरी डिस्क म्हणून बसवलेली. जंपरची बारकी टोपी 'स्लेव्ह'च्या, म्हणजे दुय्यम डिस्कच्या, पिनांवरच राहिली होती. त्याने ती चिमट्याने काढून 'मास्टर'वर, मुख्य डिस्कच्या जागी, बसवली.

डिस्क घरघरली. यादीत नाव आलं.

"मानसी, ये गं! लागली!" बायको हात पुसत आली, तोवर त्याला खोकल्याची उबळ आली. कोरडा खोकला, तीन ठसक्यांचा. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून पाठ सोडत नव्हता.

फाईल सुरू झाली. आधी टाळांची किणकिण, मग बाबा.

"बा देवा म्हाराजा, माझो झील सुबोध औंदा येवक नाय. तेच्यार राग धरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर एका सुरात म्हणालं.

सुबोधच्या डोळ्यांत पाणी आलं. जायला हवं होतं. अरे, एक रात्र तरी जायला हवं होतं.

बाबांनी सगळ्यांसाठी मागणं मागितलं. पुन्हा "व्हय म्हाराजा!" या वेळी एक आवाज जरा मागे राहिला.

मग स्पीकरमधून खोकला. कोरडा. तीन ठसके.

मानसीने सुबोधकडे बघितलं. "हा तू आहेस ना?"

"मी नव्हतो गं तिथे."

स्पीकरमधले बाबा थांबले.

"इलंस रे झिला?" ते हळूच म्हणाले. "बस."

आणि पाट सरकवल्याचा आवाज आला.